कृपा आणि कमाई



पस्तीस वर्षें मीं शाळेंत गुण देण्याचें काम केलें. जेवढें उत्तर बरोबर तेवढेच गुण, हा आमचा न्याय. त्यामुळें ख्रिस्ती धर्मांतील कृपेचा सिद्धान्त प्रथम वाचला, तेव्हां तो माझ्या गळीं उतरेना.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायांत द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टान्त आहे. कांहीं मजूर पहाटे कामास लागले, कांहीं दुपारीं, तर कांहीं दिवस मावळण्यास तासभर उरला असतां. सायंकाळीं धन्यानें सर्वांस एकेक दीनार दिला. पहाटेचे मजूर कुरकुरले. त्यांची ठरलेली मजुरी कवडीनेंहि घटली नव्हती. त्यांस बोचलें तें दुसऱ्यास लाभलेलें औदार्य. कृपा ती हीच. ती लायकी पाहून दिलेलें बक्षीस नव्हे, देणाऱ्याच्या स्वभावांतून आलेलें दान होय.

ह्यावर वादहि पुष्कळ झाले. मनुष्य स्वतःच्या इच्छाबळानें देवाज्ञा पाळूं शकतो, असें पेलाजियसचें म्हणणें. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन ह्यानें उत्तर दिलें कीं, चांगलें इच्छिण्याची शक्तीच मुळीं देव देतो. इ. स. ४१८ मध्यें कार्थेज येथील धर्मसभेनें पेलाजियसचें मत त्याज्य ठरविलें. सोळाव्या शतकांत लूथरच्या काळीं ह्याच विषयावरून पश्चिमेकडील चर्च दुभंगलें. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं ऑग्सबुर्ग येथें रोमन कॅथलिक व लूथरपंथीय प्रतिनिधींनीं संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: देव मनुष्याचा स्वीकार करतो तो कृपेनें, मनुष्याच्या पुण्याईमुळें नव्हे.

मग सत्कर्में कशासाठीं करावयाचीं? ह्याचें उत्तर क्रमांत आहे. हजेरीपटावर मुलाचें नांव पहिल्या दिवशीं चढतें. परीक्षा मागाहून येते. मूल शाळेचें झालें म्हणून शिकतें. शिकून झाल्यावर शाळेचें होत नाहीं. त्याच घोषणेंत सत्कर्मांस स्वीकाराचें फळ म्हटलें आहे, किंमत नव्हे.

ह्यांतून एक कठीण गोष्ट निघते. कोणीच स्वतःच्या लायकीनें आंत आलेला नसेल, तर शेजाऱ्याची लायकी विचारण्याचा अधिकार कोणास उरतो? अंत्युखियांत पेत्र यहूदीतरांच्या पंक्तींतून उठून दूर झाला, तेव्हां पौलानें त्याला तोंडावर दोष दिला; गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत ती हकीकत आहे. आपल्या देशांतील ख्रिस्ती मंडळ्यांतहि जातिभेद शिरला, म्हणजे पौलाचा तो प्रश्न अद्याप मिटलेला नाहीं.

कृपा ओठांनीं मानणें सोपें. शेवटीं आलेल्या मजुराला आपल्याइतकेंच मिळालेलें पाहून आनंद वाटणें, ही तिची खरी ओळख.