दृष्टिपटलाचें उतारवय

सातारा-सांगलीकडे वृद्ध मनुष्यास अंधुक दिसूं लागलें म्हणजे "मोतीबिंदू असेल, पिकला म्हणजे काढूं," असें घरोघरीं म्हटलें जातें. ही समजूत निराधार नव्हे. १८९४ सालीं मिरजेस डॉ. वॉनलेस यांचें मिशन रुग्णालय उघडलें; तेथील शस्त्रक्रियांची कीर्ति दूरवर पसरली. गढुळलेलें भिंग काढलें कीं दृष्टि परत येते, हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. परंतु सर्वच अंधत्व भिंगांत नसतें. भिंगामागें दृष्टिपटल असतें, आणि तेथील बिघाड निराळ्या जातीचा असतो.

दृष्टिपटल हा प्रकाश टिपणारा पातळ पडदा होय. वजनाच्या मानानें पाहतां त्यास फार मोठ्या प्रमाणांत प्राणवायु लागतो. त्याच्या पेशींत शक्ति निर्माण करणारे सूक्ष्म घटक दाटीनें भरलेले असतात. त्यांस मायटोकॉन्ड्रिया किंवा तंतुकणिका म्हणतात. गुऱ्हाळाच्या चुलाणांत चिपाडें जळतांना उष्णतेबरोबर काजळीहि येते. तद्वत् तंतुकणिकांत शक्ति निघतांना कांहीं दाहक द्रव्यें उत्पन्न होतात. तरुणपणीं पेशी त्यांचा निचरा करितात. वयोमानानें हा निचरा मंदावतो, तंतुकणिकांचें स्वतःचें आनुवंशिक द्रव्य बिघडतें, आणि शक्ति कमी व काजळी अधिक असा प्रकार होतो. दृष्टिपटलाच्या मध्यभागीं असलेला पीतबिंदू उतारवयांत झिजतो, त्याच्या अनेक कारणांपैकीं हें एक मानलें जातें. धूम्रपानानें हा धोका वाढतो.

तंतुकणिकांच्या दोषानें दृष्टि जाते याचा पुरावा अन्यत्रहि आहे. जर्मन नेत्रवैद्य लेबर यांनीं १८७१ सालीं बहुधा तरुणांची दृष्टि हिरावणारा एक आनुवंशिक रोग वर्णिला. त्यांत डोळ्यांतून मेंदूकडे जाणारे मज्जातंतु नष्ट होतात. त्याचें मूळ मातेकडून येणाऱ्या तंतुकणिकांच्या दोषांत आहे, हें १९८८ सालीं उघड झालें.

भिंग बदलतां येतें. दृष्टिपटलाची मेलेली पेशी पुन्हा उगवत नाहीं. म्हणून "पिकण्याची" वाट पाहणें घातक ठरूं शकतें. चष्मा लावून व एक डोळा झांकून गणिताच्या वहींतील चौकटींकडे पाहावें. नंतर दुसऱ्या डोळ्यानें पाहावें. रेषा वांकड्या दिसल्या किंवा मध्यें काळा डाग आला, तर विलंब न लावतां नेत्रवैद्याकडून बाहुली विस्फारून दृष्टिपटल तपासून घ्यावें. पीतबिंदूखालीं रक्तवाहिन्या पाझरत असल्यास वेळींच दिलेल्या इंजेक्शनांनीं पुष्कळदां दृष्टि राखतां येते. मधुमेही मनुष्यानें तर कांहीं त्रास नसतांहि ही तपासणी दरवर्षीं करावी.