घरी केलेला 'ओ'

मंडळाच्या मागच्या बैठकीत चहानंतर आमच्यात चांगलीच जुंपली. विषय होता डेमियन राइसचा पहिला एकल अल्बम, 'ओ'.

राइस किल्डेअरमधल्या सेलब्रिजचा. 'जुनिपर' या रॉक बँडचा तो गायक. मोठ्या कंपनीशी करार झालेला, तरी मनासारखे करता येईना म्हणून बाहेर पडला आणि काही काळ इटलीत राहिला. उरलेल्यांनी 'बेल एक्सवन' बँड काढला. परतल्यावर नात्यातल्या डेव्हिड अरनॉल्ड या चित्रपटसंगीतकाराने दिलेल्या सामग्रीवर राइसने बरीचशी गाणी घरीच मुद्रित केली आणि २००२ मध्ये अल्बम स्वतःच काढला.

आमच्यातल्या ज्येष्ठांचे म्हणणे, हा गातो की पुटपुटतो? लताबाईंच्या सफाईवर पोसलेल्या कानांना हे कच्चे वाटते. शेवटच्या गाण्यानंतर लांब शांतता आणि मग पुन्हा गाणी! एक काकू तर तोवर प्लेअर बंद करून झोपल्या. आक्षेप अगदीच खोटा नाही, काही गाणी ताणली आहेतच.

पण लिसा हॅनिगनचा आवाज आणि व्हिव्हियन लाँगचा चेलो ऐकावा. घरगुती मैफलीत तंबोऱ्याशेजारी बसल्यावर गायकाचा श्वासही ऐकू येतो, तसे वाटते. २००३ चे अमेरिकेतले शॉर्टलिस्ट पारितोषिक मिळाले ते मिळाले, आम्हाला मोल या श्वासाचे.

खरे तर वाद राइसचा नव्हताच. आमचीही मुले दार लावून संगणकावर गाणी करतात आणि आम्ही बाहेरून "आधी अभ्यास!" म्हणून ओरडतो.

सीडी सध्या काकूंकडे आहे. या वेळी शेवटपर्यंत ऐकणार म्हणतात.