चेहरा काढला तर खेळ उरतो का?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात लहान मुलाच्या हातात मोबाइल येतो तो बहुतेक वेळा आईचा नाहीतर बापाचा. त्यातली जागा भरलेली असते. नवा गेम टाकायचा तर जुना काढावा लागतो. मुलाला अजून नीट लिहिता येत नाही, म्हणून ते माइकचं चिन्ह दाबतं आणि सांगतं, ‘भीमवाला गेम’. यादी उघडते. भीम धावतोय, भीम गाडी चालवतोय, भीम डोंगर ओलांडतोय. जरा खाली मोटू-पतलू, त्यांच्या खाली लिटिल सिंघम. चौकोन खूप, चेहरे मोजके. एक काढून दुसरा टाकला तरी बोटाला काम तेच: डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. लाडू किंवा नाणी गोळा करायची, अडथळे चुकवायचे, आपटलं की जाहिरात बघून पुन्हा धावायचं.

एवढे खेळ आणि तरी इतका सारखेपणा का, हे कळायला या धंद्याचं गणित पाहावं लागतं. मोबाइलवर न थांबता धावत राहण्याचा प्रकार ‘टेंपल रन’ने २०११मध्ये आणि ‘सबवे सर्फर्स’ने २०१२मध्ये जगभर रुजवला. आता अशा खेळाचा तयार सांगाडा विकत मिळतो. धावण्याचा, उडी मारण्याचा, गुण मोजण्याचा सगळा प्रोग्राम त्यात आधीच लिहिलेला असतो. चित्रकाराने धावणारं पात्र बदलायचं, रस्त्याचा रंग बदलायचा, नाण्याच्या जागी समोसा ठेवायचा. या कामाला धंद्यात ‘रिस्किन’ म्हणतात, म्हणजे हाडं तीच ठेवून वरची कातडी बदलणं.

बनवण्यापेक्षा मोठा खर्च असतो तो लोकांच्या नजरेत येण्याचा. मोबाइलवरच्या अॅप-दुकानात लाखो गेम आहेत आणि अनोळखी नावाचा गेम कुणी उघडतही नाही. जाहिरात करून एकेक खेळणारा मिळवायचा तर पैसा ओतावा लागतो. त्यापेक्षा टीव्हीवर रोज दिसणाऱ्या पात्राचे हक्क घेणं परवडतं. हक्काच्या मालकाला साधारणपणे ठरावीक रक्कम आणि पुढच्या कमाईतला वाटा मिळतो, गेमवाल्याला तयार ओळख मिळते. मालिका हीच रोजची जाहिरात ठरते. गेम फुकट असल्याने कमाई मुख्यतः जाहिरातींतून येते आणि एका जाहिरातीमागे पैसे फार थोडे मिळतात. म्हणून डाउनलोड अफाट संख्येने लागतात. अशा हिशेबात नवा खेळ शोधून काढायला कुणाजवळ कारणच उरत नाही.

आपल्याकडची नावं घ्यायची तर ‘छोटा भीम’ हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अॅनिमेशनचा. राजीव चिलका यांची ही मालिका २००८मध्ये पोगो वाहिनीवर सुरू झाली. ‘मोटू-पतलू’ हे ‘लोटपोट’ या मुलांच्या हिंदी नियतकालिकातली जुनी जोडी. मुंबईच्या एका स्टुडिओने त्यांना २०१२मध्ये निक वाहिनीवर आणलं. या दोन्ही मालिकांचे मोबाइल गेम मुंबईच्याच नझारा कंपनीने काढले, जिचे शेअर मार्च २०२१मध्ये बाजारात आले. ‘लिटिल सिंघम’चा प्रवास आणखी लांबचा आहे. २०१०मध्ये तामिळ चित्रपटात एक पोलीस आला. २०११मध्ये हिंदीत तो बाजीराव सिंघम नावाचा मराठी अधिकारी झाला. २०१८मध्ये त्याचं लहान मुलांसाठी कार्टून झालं आणि मग कार्टूनमधलं पोर मोबाइलवर धावायला लागलं. प्रत्येक टप्प्यावर चेहऱ्याची किंमत वाढली. खेळाच्या नावाने मात्र शेवटी जे हाती आलं, ते आधीच लाखो फोनांवर चालू होतं.

चेहरा वापरणं मुळात वाईट आहे, असं मी म्हणत नाही. या पद्धतीचा सगळ्यात मोठा नमुना जपानी आहे आणि त्याची सुरुवात फार वेगळी होती.

१९८१मध्ये निन्टेंडो कंपनीची ‘रडार स्कोप’ नावाची आर्केड यंत्रं अमेरिकेत विकली न जाता पडून होती. त्यांच्यात दुसरा गेम भरून ती खपवायची होती. हे काम शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे आलं. कंपनीला त्यात कार्टूनमधला पोपाय हवा होता, पण त्याचे हक्क मिळाले नाहीत. म्हणून मियामोतोने स्वतःची पात्रं काढली: एक गोरिला, एक पळवून नेलेली मुलगी आणि पिंपांवरून उड्या मारत वर चढणारा एक सुतार. हा ‘डाँकी काँग’. दुसऱ्याचा प्रसिद्ध चेहरा मिळाला नाही म्हणून मारिओ जन्माला आला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्याचा चेहराही कुणाला मोहवायला काढलेला नव्हता. पडद्यावर मोजके ठिपके मिळायचे. एवढ्यात तोंड दिसत नाही, म्हणून नाकाखाली मिशी. केस हलताना दाखवता येत नाहीत, म्हणून टोपी. धावताना हात अंगापासून वेगळे दिसावेत, म्हणून पट्ट्यांची विजार. पात्राचं सगळं रूप उडीतून आणि यंत्राच्या मर्यादेतून आलं. नाव आलं ते कंपनीच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या मालकावरून. आधी खेळ आला आणि मग चेहरा.

मियामोतोच्या मनात तेव्हापासूनच हा माणूस आपल्या वेगवेगळ्या खेळांत दिसावा असं होतं. त्याला ‘मिस्टर व्हिडिओ’ म्हणायचंही त्याने योजलं होतं. पुढे तसंच झालं. १९८३मध्ये मारिओ प्लंबर झाला, १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने घराघरांत पोहोचला, १९९०मध्ये डॉक्टर झाला, १९९२मध्ये गाडी चालवू लागला. गोल्फ, टेनिस, एवढंच काय टायपिंगचे धडेही त्याच्या नावावर निघाले. ‘मारिओ पार्टी’चे १९९८ ते २००५ या ८ वर्षांत ७ मुख्य भाग आले. ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स’ या मालिकेचे तर २०१२ या एकाच वर्षात दोन वेगळे गेम आले आणि मारिओवर जीव असणाऱ्यांनीही तोंड फिरवायला सुरुवात केली. स्पर्धक सेगानेही हेच केलं. १९९१मध्ये जन्मलेला निळा सॉनिक पुढे इतक्या खेळांत ओढला गेला की २००६चा ‘सॉनिक’ आजही घाईघाईत बाजारात आणलेल्या गेमचं उदाहरण म्हणून सांगितला जातो.

आपल्या गावांत हा मारिओ पोहोचला तो टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांतून. त्यात घालायच्या डबीला आपण कॅसेट म्हणायचो. डबीवर ‘९९९९ गेम’ छापलेलं असायचं आणि यादी खाली सरकवत गेलं की तेच मोजके खेळ वेगवेगळ्या क्रमांकांनी परत परत येत. एकच खेळ अनेक नावांनी विकायची युक्ती आमच्या पिढीने तेव्हाच पाहिली आहे. आज फरक एवढाच की वरचं चित्र जास्त चकचकीत झालं.

चेहरा काढला तर खेळ उरतो का, या प्रश्नाचा एक धडा मारिओच्या इतिहासातच आहे. १९८७मध्ये जपानमध्ये ‘डोकी डोकी पॅनिक’ नावाचा खेळ आला. त्यात अरबी कथांमधल्यासारख्या एका कुटुंबाची चार पात्रं होती. १९८८मध्ये निन्टेंडोने त्याच खेळातले चेहरे बदलून मारिओ, त्याचा भाऊ लुइजी, राजकन्या आणि टोड बसवले आणि अमेरिकेत तो ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ म्हणून विकला. म्हणजे शुद्ध रिस्किनच. तरीही तो खेळ टिकला. त्यात जमिनीतून भाजी उपटून फेकायची होती आणि चारही पात्रांची चाल वेगळी होती. एक उंच उडायचं, एक हवेत तरंगायचं, एक झपाट्याने उपटायचं. मूळ खेळ इतका पक्का होता की चेहरे बदलले तरी बिघडला नाही. ‘मारिओ कार्ट’चंही तसंच. दोघांनी एकाच पडद्यावर शर्यत लावण्याची कल्पना आधी जमली, मारिओ गाडीत नंतर बसला.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. चेहरा काढून टाका आणि जागी कोरा ठोकळा ठेवा. तरी खेळावंसं वाटतं का? निन्टेंडोच्या एका तरुण चमूने हे अक्षरशः केलं. २०१५च्या ‘स्प्लाटून’चा पहिला नमुना साध्या ठोकळ्यांचा होता. टोफूसारखे दिसणारे ठोकळे एकमेकांवर शाई उडवायचे आणि आपल्या रंगाच्या शाईत लपायचे. मारिओ घ्यावा का, याचाही विचार झाला. पण मारिओने शाई का फेकावी आणि तिच्यात का लपावं, याला उत्तर नव्हतं. शाई सोडणारा आणि पोहणारा प्राणी म्हणजे माखली, म्हणून पात्रं माखलीची झाली. घरात एवढा मोठा चेहरा असताना त्याला बाहेर ठेवण्याचं धैर्य त्यांनी दाखवलं आणि निन्टेंडोला नवं जग मिळालं.

ठोकळ्यांची कसोटी राजुऱ्याला नवी नाही. आपल्याकडे वाघ-बकरी आहे. नदीपलीकडच्या आणि सीमेपलीकडच्या तेलुगू घरांत त्यालाच पुली-मेका म्हणतात. १९५६पर्यंत राजुरा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, त्यामुळे इथे दोन्ही नावं ऐकू येण्यात नवल नाही. ओट्यावर खडूने त्रिकोण आणि आडव्या रेघा ओढायच्या. ३ वाघ, १५ बकऱ्या. वाघ म्हणजे खडे आणि बकऱ्या म्हणजे चिंचोके. बकऱ्या एकेक करून पटावर येतात. वाघ बकरीवरून उडी मारून पलीकडच्या मोकळ्या घरात गेला की ती मेली. बकऱ्यांना मारता येत नाही, त्यांनी फक्त एकमेकींना खेटून राहायचं आणि वाघाला हलायला जागा ठेवायची नाही. खड्याला पट्टे नाहीत, डोळे नाहीत. तरी मूल त्याला वाघच म्हणतं, कारण तो वाघासारखा वागतो. एकटी सुटलेली बकरी पाहिली की खेळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. एवढं काम रिस्किन केलेला चकचकीत वाघ करू शकत नाही.

म्हणूनच मोबाइलमधल्या जंगलाकडे पाहताना मला वाईट वाटतं. तिथलं जंगल म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवी भिंत. ओंडका आला, उडी मारा. फांदी आली, वाका. पुढच्या पातळीवर तोच रस्ता बर्फाचा होतो, त्याच्या पुढे वाळवंटाचा. जागा बदलली तरी नियम बदलत नाहीत, म्हणजे ती जागाच नाही. राजुऱ्याचं पोरगं यापेक्षा खूप जास्त जाणतं. उन्हाळ्यात पहाटे मोह वेचायला घरची माणसं जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जातात. लवकर गेलं तर मोह जास्त मिळतो, पण उजेड कमी असतो. एकट्याने जायचं नाही. वाकून काम करताना मागे कुणीतरी उभं हवं, कारण वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. इथे हे नियम जिवाच्या किमतीने शिकलेले आहेत. राजुरा-विरूर परिसरात आरटी-१ या वाघाने ८ माणसांचे जीव घेतल्यावर ऑक्टोबर २०२०मध्ये वनविभागाने त्याला पिंजऱ्यात पकडलं. ज्या घरातलं माणूस गेलं त्यांच्या दुःखाचा खेळ कुणी करू नये. पण पहाटेचा लोभ आणि उजेडाची वाट, सोबत आणि पाठराखण यांत जो निर्णय आहे, त्यातून खरा खेळ घडतो. खेळ म्हणजे शेवटी निर्णयच असतात. जिथल्या लोकांना रोज असे निर्णय घ्यावे लागतात, त्या गावातल्या मुलाला आपण फक्त उडी मारायला आणि वाकायला शिकवतो आहोत.

लहान मुलाला ओळखीचा चेहरा दिसला की बरं वाटतं, आईबापांनाही विश्वास वाटतो की यात काही वावगं नसेल. ते मी मानतो. ढोलकपूरचा भीम आपल्या बोलीत, आपल्या पदार्थांत रमणारा आहे आणि परदेशी कार्टूनच्या गर्दीत त्याने जागा मिळवली, याचा आनंदही आहे. म्हणूनच त्याच्या वाट्याला उसने सांगाडे यावेत, हे खटकतं. भीम लाडू खाल्ल्यावर बलवान होतो, एवढ्या एका नियमावर किती वेगळा खेळ उभा राहिला असता! लाडू केव्हा खायचा, कुणासाठी राखून ठेवायचा, त्याची मैत्रीण चुटकी हिच्याकडे किती उरलेत, त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या कालियाच्या हाती लागले तर काय.

महाराष्ट्रातच दुसरी वाटही चोखाळली गेली आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने ‘राजी’ बनवला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड यांनी २०१७मध्ये कंपनी सुरू केली. लोकवर्गणीतून पैसा उभारायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी काम थांबलं नाही आणि ऑगस्ट २०२०मध्ये गेम आधी मारिओच्याच घरी, म्हणजे निन्टेंडो स्विचवर आला. त्याची नायिका राजी ही सर्कशीत वाढलेली मुलगी, हरवलेल्या भावाला शोधणारी. कोलांट्या मारणं, खांबावर गिरक्या घेणं, भिंतीवरून झेपावणं हे तिचं सर्कशीतलं अंग तिच्या लढण्यात उतरतं. गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या आणि भिंतीवरची चित्रं वापरली आहेत. तिला आधी कुणी ओळखत नव्हतं. चेहरा नवा होता आणि तो खेळातून घडला होता.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५मध्ये अॅनिमेशन, गेमिंग आणि संबंधित उद्योगांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं आहे. या धोरणाचा पैसा मुंबई-पुण्याच्या मोठ्या इमारतींत आणि तयार पात्रांच्या आणखी धावपटूंत संपू नये, असं मला कळकळीने वाटतं. चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. राजुऱ्याच्या शाळांतून मराठी, तेलुगू, गोंडी आणि हिंदी बोलणारी मुलं एका बाकावर बसतात. गेम बनवायची साधनं आज फुकट मिळतात. या मुलांपैकी चार जणांना वर्षभर पगार देऊन एवढंच सांगावं: पहिले सहा महिने पडद्यावर ठोकळ्यांशिवाय काही काढायचं नाही. ३ ठोकळे वाघांचे, १५ बकऱ्यांचे, आणि त्यानंतर तुमच्या मोहाखालची पहाट. चेहऱ्याचं सातव्या महिन्यात बघू.