तळघरातील शयनकक्षाची बांधणी

तळघरातील शयनकक्षाची बांधणी म्हणजे घराच्या जमिनीखालच्या, उघड्या काँक्रीटच्या मजल्यावर भिंती, छत, फरशी, वीज आणि वायुवीजन यांची सोय करून झोपण्यायोग्य खोली तयार करणे होय. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांत अनेक घरमालक ठेकेदार न नेमता हे काम सुट्टीच्या दिवसांत स्वतः करतात. सुतारकाम व रंगकाम हा या कामाचा डोळ्यांना दिसणारा भाग होय. तथापि खोली झोपण्यास योग्य आहे की नाही, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: जिन्याशिवाय बाहेर पडण्याची दुसरी वाट आहे काय, आणि भिंतीमागचे काँक्रीट कोरडे राहते काय. काम पूर्ण झाल्यावर या दोन्ही बाबी सुधारणे कठीण व खर्चाचे असते; म्हणून त्यांचा विचार आरंभीच करावा लागतो.

पार्श्वभूमी

उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत हिवाळ्यात जमिनीतील पाणी गोठते. गोठताना ते प्रसरण पावत असल्याने उथळ पाया वर उचलला जातो आणि भिंतींना तडे जातात. हे टाळण्यासाठी जमीन जेथपर्यंत गोठते त्याखाली पाया न्यावा लागतो. मिनेसोटा राज्याच्या नियमांनुसार पायाची किमान खोली दक्षिण भागात ४२ इंच (१०७ सेंमी) आणि उत्तर भागात ६० इंच (१५२ सेंमी) आहे. एवढे खोदकाम करावेच लागत असल्याने आणखी थोडे खोदून पूर्ण उंचीचे तळघर बांधण्याची पद्धत तेथे रूढ झाली. घर उबदार ठेवणारी भट्टी, पाणी तापवण्याची टाकी व कपडे धुण्याचे यंत्र बहुधा तळघरात असते आणि उरलेल्या जागेत अडगळ साठते. मुले मोठी झाली किंवा आईवडील राहावयास आले की या जागेची आठवण होते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यात या जागेसाठी 'बेसमेंट' हाच शब्द रूढ आहे.

महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांमधील तळघरांचा उपयोग मुख्यतः साठवणीसाठी होत असे. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनेही तळघराचा निवासी वापर वर्ज्य मानला आहे. त्यामुळे मराठी वाचकाला तळघरातील शयनकक्षाची कल्पना काहीशी अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे.

नियम व परवाना

संयुक्त संस्थानांत बहुतेक ठिकाणचे नियम 'इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड' या आदर्श संहितेवर आधारलेले आहेत. तिची पहिली आवृत्ती २००० साली निघाली. राज्ये व शहरे ती फेरफार करून स्वीकारतात, म्हणून अंतिम शब्द स्थानिक इमारत विभागाचा असतो. संहितेनुसार राहण्याच्या खोलीचे क्षेत्रफळ किमान ७० चौरस फूट (६.५ चौ. मी.), कोणतीही बाजू किमान ७ फूट आणि छताची उंची किमान ७ फूट (२.१३ मी.) असावी लागते. तळघरातील तुळया व हवेच्या नळ्या यांना काही सवलत असून त्या फरशीपासून ६ फूट ४ इंचांपर्यंत खाली आलेल्या चालतात.

अनेक ठिकाणी घरमालकाला स्वतःच्या राहत्या घराच्या कामाचा परवाना मिळतो. परवान्याबरोबर तपासण्याही येतात. लाकडी सांगाडा उभा राहिल्यावर व तारा ओढून झाल्यावर, पण भिंती झाकण्यापूर्वी, पहिली महत्त्वाची तपासणी होते आणि काम संपल्यावर अखेरची. भिंतीच्या आत दडणारी चूक पुढे कोणालाही दिसणार नाही, हे मधल्या तपासणीमागचे कारण आहे.

सुटकेची खिडकी

वरच्या मजल्यावर आग लागली तर जिना हीच एकमेव वाट बंद होण्याचा संभव असतो. आग तळघरात लागली तर तोच जिना धुराड्यासारखा धूर वर ओढून घेतो. दोन्ही प्रसंगी तळघरात झोपलेला माणूस अडकतो. म्हणून तळघरातील प्रत्येक शयनकक्षाला थेट बाहेर उघडणारी खिडकी किंवा दार असणे बंधनकारक आहे. खिडकीची मापे दोन गरजांवरून ठरली आहेत: आतील माणसाला बाहेर पडता यावे, आणि श्वसनसाधन पाठीवर घेतलेल्या अग्निशामक जवानाला आत येता यावे.

संहितेनुसार खिडकीची उघडी जागा किमान ५.७ चौरस फूट (०.५३ चौ. मी.) असावी; जमिनीच्या पातळीवरील किंवा तिच्याखालील खिडकीस ५ चौरस फूट पुरतात. उघडी रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच आणि खिडकीचा उंबरा फरशीपासून जास्तीत जास्त ४४ इंचांवर असावा. किल्ली वा हत्यार न वापरता ती आतून उघडली पाहिजे.

येथे नवशिक्यांची एक चूक वारंवार होते. २० इंच रुंद व २४ इंच उंच खिडकी दोन्ही किमान मापे पाळते; परंतु तिचे क्षेत्रफळ अवघे ३.३३ चौरस फूट भरते. २० इंच रुंदी ठेवल्यास ५ चौरस फुटांसाठी ३६ इंच उंची लागते. शिवाय मोजायची ती काच नव्हे, तर खिडकी उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा. सरकती खिडकी निम्मीच उघडते, म्हणून बिजागरीची खिडकी अधिक सोयीची ठरते. कॅनडाच्या राष्ट्रीय संहितेत उघडी जागा किमान ०.३५ चौ. मी. आणि कोणतेही माप किमान ३८० मिमी असावे, अशी अट आहे.

खिडकी जमिनीखाली असल्यास तिच्यासमोर खड्डा खणून त्याला पत्र्याची किंवा काँक्रीटची कड बांधतात. त्याचे क्षेत्रफळ किमान ९ चौरस फूट, तर रुंदी व भिंतीपासूनचे अंतर किमान ३६ इंच असावे लागते. खोली ४४ इंचांहून अधिक असल्यास कायमची शिडी बसवावी लागते. तळाशी खडी घालून पाण्याचा निचरा केला नाही, तर पावसाळ्यात तोच खड्डा घरात पाणी आणतो. पायाची भिंत कापणे हे मात्र हौशी माणसाचे काम नव्हे. ती भिंत वरच्या घराचा भार पेलते. कापलेल्या भागावर योग्य आधार न दिल्यास भिंत खचू शकते.

ओलावा

काँक्रीट टणक दिसले तरी सच्छिद्र असते आणि जमिनीतील ओल शोषून घेते. म्हणून प्रथम घराबाहेर पाहावे लागते. पागोळ्यांचे पाणी पायापासून दूर जावे आणि भोवतालच्या जमिनीला पहिल्या १० फुटांत किमान ६ इंच उतार असावा. आतील पाहणीची साधी रीत अशी: सुमारे दीड फूट लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी काँक्रीटला चिकटवून एक दिवस ठेवतात. त्याच्या खालच्या बाजूस पाणी जमले किंवा काँक्रीट काळवंडले, तर ओल जमिनीतून येत आहे. वरच्या बाजूस दव धरले, तर ते खोलीतील हवेतील बाष्प असते.

दुसरी अडचण या बाष्पाचीच आहे. खोलीतील उबदार हवा थंड भिंतीला लागली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. काचतंतूंची गादी थेट काँक्रीटला टेकवल्यास ती भिजते आणि आतल्या आत बुरशी वाढते. वर्षभर सुंदर दिसणाऱ्या खोलीला कुबट वास येऊ लागतो तो बहुधा यामुळे. म्हणून प्रथम फोमच्या कठीण पाट्या काँक्रीटला घट्ट चिकटवतात, सांधे बंद करतात आणि त्यापुढे लाकडी सांगाडा उभारतात. फोम ज्वालाग्राही असल्याने तो अर्ध्या इंचाच्या जिप्सम बोर्डाने झाकणे आवश्यक असते.

रेडॉन

मातीतील युरेनियमच्या क्षयातून रेडॉन हा रंगहीन, गंधहीन, किरणोत्सारी वायू तयार होतो व फटींमधून तळघरात शिरतो. संयुक्त संस्थानांत धूम्रपानाखालोखाल फुप्फुसांच्या कर्करोगाचे ते दुसरे प्रमुख कारण मानले जाते. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने दर लिटर हवेत ४ पिकोक्युरी (दर घनमीटरला १४८ बेकरेल) ही उपाययोजनेची पातळी ठरवली आहे. कॅनडात ती दर घनमीटरला २०० बेकरेल आहे. फरशीखालून नळी व पंख्याने वायू बाहेर काढता येतो. हे काम फरशी उघडी असताना सोपे असते, म्हणून मोजणी आधी करणे श्रेयस्कर.

बांधणीचा क्रम

खिडकी बसली व कोरडेपणाची खात्री झाली की सांगाडा उभारतात. काँक्रीटवर टेकणारी तळपट्टी रसायनप्रक्रिया केलेल्या लाकडाची असावी लागते. साधे लाकूड ओल शोषून कुजते. उभे दांडे बहुधा १६ इंचांच्या अंतराने लावतात आणि ओळंबा व पाणसळ यांनी सरळपणा तपासतात. दांड्यांमधील पोकळीतून आग वर चढू नये म्हणून ती छताच्या पातळीवर बंद करतात.

त्यानंतर वीज येते. भिंतीलगतचे कोणतेही ठिकाण जवळच्या प्लगपासून ६ फुटांहून दूर असू नये, असा नियम आहे. मुख्य पेटीतील जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घेणे हिताचे. खोलीत एक आणि खोलीबाहेर एक धूरसूचक असावा व एक वाजताच घरातील सर्व वाजावेत, अशी त्यांची जोडणी असते. घरात इंधनावर चालणारी भट्टी असल्यास कार्बन मोनॉक्साइड सूचकही लागतो. नव्या भिंतींमुळे भट्टीला लागणारी हवा अडणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.

तपासणी झाल्यावर जिप्सम बोर्ड लावतात. त्याची खालची कड फरशीपासून सुमारे अर्धा इंच वर ठेवतात, म्हणजे फरशीवरचे पाणी बोर्डात चढत नाही. सांध्यांवर कागदी पट्टी लावून लांबीचे बहुधा तीन हात देतात व घासून रंग लावतात. फरशीसाठी भरीव लाकडापेक्षा ओल सहन करणारे व्हिनाइल किंवा टाइल योग्य ठरते.

सावधगिरी

जुन्या घरांतील फरशीच्या टाइलमध्ये व नळांवरील वेष्टनात अॅस्बेस्टॉस असू शकते. त्यांची तपासणी केल्याशिवाय ती फोडू नयेत. संयुक्त संस्थानांत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी आली, म्हणून त्यापूर्वीचा रंग कोरडा घासणे धोक्याचे असते.

सुटकेची खिडकी नसलेली खोली घर विकताना सहसा शयनकक्ष म्हणून धरली जात नाही. मात्र नियमाचे प्रयोजन किमतीपुरते नाही. तीच खोली दिवसा अभ्यासासाठी वापरली, तर तेथील माणूस जागा असतो व धुराचा वास त्याला लगेच येतो. झोपलेल्या माणसाला धोका उशिरा कळतो आणि त्याच्या हाती थोडाच वेळ उरतो. तेवढ्या वेळात बाहेर पडता यावे, यासाठीच शयनकक्षाला ही वेगळी अट लावली आहे.