मधल्या राष्ट्राचा तराजू

जागतिक राजकारणाचा विचार करताना आपली दृष्टी बहुधा महासत्तांवर खिळते, नाहीतर त्यांच्या दबावाखाली सापडलेल्या लहान देशांकडे वळते. या दोहोंच्या मध्ये काही राष्ट्रे असतात. त्यांच्यापाशी संपत्ती असते, शिस्तबद्ध सैन्य असते, चारचौघांत त्यांच्या शब्दाला मान असतो. परंतु बलाढ्य शत्रूशी एकट्याने झुंजण्याइतके बळ नसते. राज्यशास्त्रात त्यांना 'मध्यम सत्ता' म्हणतात. अशा राष्ट्राने संरक्षणासाठी सोबती कसे निवडावेत? या प्रश्नाचा अभ्यास करण्यास ऑस्ट्रेलियाचे उदाहरण फार उद्बोधक आहे.

ऑस्ट्रेलिया म्हणजे एक अख्खे खंड. पण लोकसंख्या जेमतेम पावणेतीन कोटी. बहुतेक परदेशी माल जहाजांनी येतो आणि जातो. म्हणून समुद्रावर ज्याची सत्ता, त्याच्याशी मैत्री, हे या देशाचे जुने धोरण. आरंभी हा आधार ब्रिटिश आरमाराचा होता. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि चारच दिवसांनी डार्विन बंदरावर जपानी बॉम्ब कोसळले. त्याआधीच, डिसेंबर १९४१ मध्ये, पंतप्रधान जॉन कर्टिन यांनी आपला देश यापुढे अमेरिकेकडे पाहील असे जाहीर केले होते. १९५१ साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिका यांच्यात 'अँझुस' करार झाला.

या इतिहासातून दोन भीती जन्मल्या. ऐन संकटात मित्र हात सोडील, ही पहिली. 'अँझुस'चे कलमही सावधच आहे : संकटकाळी सल्लामसलत करावी आणि प्रत्येकाने आपापल्या घटनेनुसार पाऊल उचलावे, एवढेच ते सांगते. दुसरी भीती नेमकी उलट. मित्राच्या युद्धात आपण फरफटत जाऊ, ही ती भीती. व्हिएतनामच्या युद्धात ऑस्ट्रेलियाचे पाचशेहून अधिक सैनिक कामी आले आणि सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध तेथील तरुण रस्त्यावर उतरले. इकडे आड, तिकडे विहीर! मध्यम सत्तेचे सारे परराष्ट्र धोरण या दोन भीतींच्या मध्ये हेलकावत असते.

या शतकात तराजूत एक नवे वजन पडले. २००७ च्या सुमारास चीन हा ऑस्ट्रेलियाचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार झाला. त्याच वर्षी जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी भारताच्या संसदेत भाषण करताना दारा शुकोहच्या ग्रंथाचा दाखला देऊन हिंदी व प्रशांत या दोन महासागरांच्या संगमाची कल्पना मांडली. भारत, जपान, अमेरिका व ऑस्ट्रेलिया या चार सागरी लोकशाही राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांची बैठक मे २००७ मध्ये मनिला येथे झाली. सप्टेंबरमध्ये बंगालच्या उपसागरातील 'मलबार' नौदल सरावात हे चारही देश आणि सिंगापूर सहभागी झाले. चीनने आपली नाराजी लपविली नाही.

पुढे काय झाले? आबे यांनी राजीनामा दिला. आपल्याकडे डाव्या पक्षांनी त्या सरावाविरुद्ध मोर्चे काढले. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २००७ च्या निवडणुकीत सत्तापालट झाला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये नव्या सरकारचे परराष्ट्रमंत्री स्टीफन स्मिथ यांनी चीनच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या शेजारी उभे राहून, अशा बैठकीची दुसरी फेरी आम्ही सुचविणार नाही, असे सांगितले. चौघांपैकी कोणाचाच उत्साह तेव्हा टिकला नव्हता. तरी दोषाचे माप ऑस्ट्रेलियाच्या पदरात पडले. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, त्याप्रमाणे भारताने पुढे बरीच वर्षे 'मलबार'चे दार त्या देशाला उघडले नाही. चौघांची चर्चा २०१७ साली पुन्हा सुरू झाली. पण सरावाचे आमंत्रण मिळण्यास २०२० उजाडावे लागले.

त्याच २०२० साली सावधगिरीने वागूनही व्यापार सुरक्षित राहतोच असे नाही, हे ऑस्ट्रेलियाला कळून चुकले. कोरोनाच्या उगमाची स्वतंत्र चौकशी व्हावी, एवढी मागणी त्या सरकारने केली. त्यानंतर चीनने ऑस्ट्रेलियन बार्लीवर सुमारे ८० टक्के जकात बसविली, वाइनवर जबर कर लादले, कोळसा अडविला. लोहखनिजाला मात्र हात लावला नाही. कारण त्याची गरज चीनलाच होती. बार्लीवरील जकात २०२३ मध्ये आणि वाइनवरील २०२४ मध्ये उठली. परावलंबन दोन्ही बाजूंचे असेल तरच ते ढाल ठरते, हा धडा राहिला.

आता ऑस्ट्रेलियाने सोबती वाढविण्याचा मार्ग धरला आहे. जून २०२० मध्ये भारताशी झालेल्या करारानुसार दोन्ही नौदलांना एकमेकांच्या बंदरांत इंधन व रसद घेता येते. जपानशी जानेवारी २०२२ मध्ये झालेल्या करारामुळे एकाचे सैन्य दुसऱ्याच्या भूमीवर सरावासाठी सुलभतेने जाऊ शकते. २०२३ चा 'मलबार' सराव तर सिडनीजवळच्या समुद्रात झाला. यांपैकी कोणताही करार युद्धात उतरण्याचे वचन देत नाही. परंतु इंधन भरणे, संदेशांची खूण जाणणे, जहाजांची माहिती परस्परांना देणे, या सवयी संकटापूर्वीच अंगवळणी पडाव्या लागतात.

याउलट सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेला 'ऑकस' करार. फ्रान्सशी ठरलेला पाणबुड्यांचा व्यवहार मोडून ऑस्ट्रेलियाने अमेरिका व ब्रिटन यांच्या साहाय्याने अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या घेण्याचे ठरविले. यामुळे देश अमेरिकेशी जखडला जाईल, अशी कठोर टीका माजी पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी केली, आणि तीही आपल्याच पक्षाचे सरकार असताना. दुसरी जुनी भीती पुन्हा बोलू लागली, असेच म्हणावे लागेल.

लोकशाही राष्ट्रांच्या मैत्रीतील अडचण येथेच आहे. सरकारे बदलतात, मतदार प्रश्न विचारतात, काल दिलेला शब्द आज पुन्हा तपासला जातो. पण जनतेसमोर उघड वाद होऊन जो करार टिकतो, त्याच्यावर मित्राला अधिक भरवसा ठेवता येतो. मध्यम सत्तेला तराजू खाली ठेवता येत नाही. मात्र आपण तोलत असताना मित्रही आपल्याला तोलत असतात, याचे भान तिने सोडू नये. अलिप्ततेच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या देशालाही आज याच प्रश्नाला तोंड द्यावे लागत आहे. म्हणून दूरच्या या शेजाऱ्याचा अनुभव आपण अभ्यासण्याजोगा आहे.