इंग्लंडमध्ये घराचं काम काढताय? आधी स्किपचं परमिट समजून घ्या

स्किप, म्हणजे बांधकामाचा कचरा टाकायचा मोठा डबा, स्वतःच्या ड्राइव्हवेवर ठेवणार असाल तर परमिट लागत नाही. पण रस्त्यावर ठेवायचा असेल, तर 1980 च्या हायवेज अ‍ॅक्टच्या कलम 139 नुसार महामार्ग प्राधिकरणाची, म्हणजे बहुतेक ठिकाणी काउन्सिलची, लेखी परवानगी हवीच. ती सहसा स्किप कंपनीच काढते आणि बिलात लावते. तरी बुकिंग करताना स्पष्ट विचारा. फी आणि मुदत प्रत्येक काउन्सिलची वेगळी. घरासमोर पार्किंग बे असेल तर तो रिकामा ठेवण्याची परवानगी बहुधा स्वतंत्रपणे काढावी लागते.

कायद्यातली एक मेख मात्र फार थोड्यांना माहीत असते. अंधारात स्किपवर दिवे, त्यावर मालकाचं नाव आणि फोन किंवा पत्ता, भरल्यावर शक्य तितक्या लवकर उचलणं, ही जबाबदारी ‘मालका’ची. पण भाड्याचा करार महिन्याचा किंवा त्याहून जास्त असेल, तर कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच! म्हणून मोठं काम असलं तरी मी लांबलचक करार टाळायलाच सांगेन.

आणि हो, अ‍ॅस्बेस्टॉस, टायर, बॅटऱ्या, फ्रिज स्किपमध्ये टाकू नका. कंपनीची कचरा-वाहतुकीची नोंदणीही तपासा, ती ऑनलाइन मोफत पाहता येते.