हाताला येते ते

मेंदूला मार बसलेला माणूस इस्पितळातून घरी आला, की घरची मंडळी मागे लागतात, 'आठवून पाहा ना!' पण अडते तिथेच. झासेत्स्की या तरुण सोव्हिएत सैनिकाचे पाहा. १९४३ साली स्मोलेन्स्कच्या लढाईत त्याच्या डोक्यात गोळी घुसली. वाचता येईना, अक्षर आठवून लिहू जावे तर हात अडे. डॉक्टर म्हणाले, "हात न उचलता भरभर लिही." आणि शब्द उमटला! अंधारात आपणही विजेचे बटण असेच शोधतो की! तेव्हा सदरा कसा घालायचा हे विचारू नये, सदराच हाती द्यावा; पुष्कळदा हात आपोआप बाहीत जातो. झासेत्स्की पुढे सुमारे २५ वर्षे आपली हकीकत लिहीत राहिला. पाने ३०००च्या घरात गेली. कधी दिवसभरात अर्धेच पान होई. आणि तेही परत वाचायचे, तर एकेक अक्षर जुळवीत बसावे लागे.